केळी, तिखाडी, मिरी, मेथी: वाइनचे वास कुठून येतात आणि बाटली किती वर्षं ठेवावी

धुळ्याहून आलेला प्रश्न असा आहे. चार वर्षांपूर्वी नाशिकहून आणलेल्या दोन बाटल्या, एक पांढऱ्या सॉव्हिन्याँ ब्लाँची आणि एक ओकच्या लाकडी बॅरलमध्ये मुरवलेल्या लाल रिझर्व्ह शिराझची, घरच्या लोखंडी कपाटात जपून ठेवल्या आहेत. आणखी तीन-चार वर्षांनी मुलीच्या लग्नात त्या उघडायच्या आहेत. तोवर त्या अधिक चांगल्या होतील का? आणि वाइनमध्ये पेरू, मिरी, व्हॅनिला असे वास सांगतात, ते खरोखर असतात की नुसतं बोलायचं म्हणून?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. भाऊ, पांढरी आज संध्याकाळी गार करा आणि उघडा. लाल या हिवाळ्यात उघडा. लग्नासाठी लग्नाच्याच वर्षी नव्या बाटल्या घ्या. वास मात्र खरे असतात, आणि बाटली किती टिकेल हे त्या वासांवरूनच पुष्कळसं समजतं. म्हणून सुरुवात वासापासून करू.

वाइनमध्ये कोणी पेरूचा रस घालत नाही की मिरी टाकत नाही. पेरूला ज्या रेणूंमुळे पेरूचा वास येतो, तेच रेणू द्राक्षाच्या वाइनमध्येही तयार होतात. रेणू झाडावरून आला की टाकीतून, हे नाकाला कळत नाही.

आपल्या भागातल्या माणसाला सगळ्यात आधी ओळखता येईल असा वास केळीचा. रावेर-यावलकडच्या केळीच्या पिकवण खोलीचं दार उघडलं की जो गोड भपकारा येतो, त्यातला मुख्य पदार्थ आयसोअमाइल ॲसिटेट. पांढऱ्या द्राक्षाचा रस स्टीलच्या टाकीत १२ ते १६ अंशांवर सावकाश आंबवला की यीस्ट हाच पदार्थ बनवतं, मग द्राक्षाची जात कोणतीही असो. नव्या पांढऱ्या वाइनमध्ये केळी, पेर, अननस असे जे मोकळे, गोडसर वास येतात ते बहुतेक या कुळातले, म्हणजे एस्टरांचे. हे पदार्थ फार दिवस टिकत नाहीत. वाइनमधल्या पाण्याने आणि आम्लाने ते हळूहळू तुटतात. थंड जागेत वर्षभरात त्यांचा जोर बराच उतरतो, उन्हाळ्याच्या तडाख्यात तर काही महिन्यांतच. ज्या वाइनची सगळी गंमत या वासांत आहे, तिच्यात साठवून वाढण्यासारखं काही नसतं.

तुमच्या सॉव्हिन्याँ ब्लाँची गोष्ट जराशी वेगळी, पण निष्कर्ष तोच. तिच्यात दोन प्रकारचे वास असतात. एक हिरवा: ढोबळी मिरची, नुकतंच कापलेलं गवत. तो मेथॉक्सिपायराझिन नावाच्या पदार्थांमुळे येतो, आणि घडावर ऊन पडलं, द्राक्ष पिकत गेलं की कमी होतो. दुसरा पेरू, पॅशन फ्रूट, पपनसाचा. हा गंधकयुक्त थायॉलांचा. हे थायॉल रसात दुसऱ्या रेणूंना बांधलेले असतात आणि त्या अवस्थेत त्यांना काहीच वास नसतो. बागेत उभं राहून सॉव्हिन्याँचा मणी खाल्ला तर पेरू आठवत नाही. आंबवताना यीस्ट ती गाठ सोडवतं आणि टाकीतून अचानक पेरूचा वास यायला लागतो. इतकी वर्षं या धंद्यात काढूनही त्या दिवसांत तळघरात शिरायची मला ओढ लागते. हे थायॉल लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजावे लागतात इतके थोडे असतात, आणि प्राणवायूशी त्यांचं जमत नाही. बाटलीत थोडी हवा शिरली, थोडी उष्णता लागली की पेरू गेलाच. चार वर्षांनी तुमच्या बाटलीत आम्ल असेल, अल्कोहोल असेल, पण ज्यासाठी ती घेतली होती तो वास बहुधा नसेल.

मस्कत जातीच्या द्राक्षाचा वास मात्र फळातच असतो आणि खाताना लगेच कळतो. त्यात लिनलूल आणि जिरॅनिऑल हे टर्पिन असतात. धणे भाजताना येणाऱ्या सुवासात लिनलूल असतो. जिरॅनिऑल तर खान्देशाच्या अगदी ओळखीचा. सातपुड्याच्या उतारांवर उगवणारं रोशा गवत, ज्याला आपण तिखाडी म्हणतो, त्याच्या तेलातला मुख्य घटक जिरॅनिऑलच. गुलाबातही तो असतो. एखाद्याने मस्कतचा ग्लास हुंगून 'तिखाडीच्या तेलासारखं वाटतं' म्हटलं तर ते रसायनशास्त्राच्या हिशेबानेही बरोबर आहे. परदेशी पुस्तकांतले लिची आणि फ्रेंच गुलाब आठवत बसण्यापेक्षा मला हे वर्णन अधिक प्रामाणिक वाटतं.

लाल वाइनमध्ये साली आणि बिया रसाबरोबर आंबतात. रंग आणि तुरटपणा तिथूनच येतो. शिराझमधल्या मिरीच्या वासाचं कारण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलं. रोटुंडोन नावाचा हा पदार्थ काळ्या मिरीतही आहे आणि शिराझच्या सालीतही. लाल वाइनमध्ये लिटरमागे १६ नॅनोग्रॅम एवढासा असला तरी तो जाणवतो. त्यातली महत्त्वाची गोष्ट अशी की सुमारे पाचांतल्या एका माणसाला रोटुंडोनचा वास येतच नाही. टेबलावर सगळे 'मिरी, मिरी' म्हणत असतील आणि तुम्हाला काहीच लागत नसेल, तर तुमच्या नाकात दोष नाही आणि तुम्ही अडाणीही ठरत नाही. शिवाय रोटुंडोन थंड जागेतल्या शिराझमध्ये अधिक तयार होतो. नाशिकच्या उन्हात पिकलेल्या शिराझमध्ये मिरी थोडी मागे असते आणि जांभूळ, पिकलेला आलुबुखार पुढे येतो.

कॅबर्ने सॉव्हिन्याँ या लाल वाइनमध्ये पुन्हा ती ढोबळी मिरची भेटते, कारण पायराझिन तिथेही आहेत, आणि सोबत ब्लॅककरंट. हे फळ आपल्याकडे फारसं कोणी ताजं खाल्लेलं नसतं. तुम्ही करवंद लिहा, जांभूळ लिहा. आपल्या वहीत आपल्या फळांची नावं असली की पुढच्या वेळी तोच वास पुन्हा पकडता येतो.

आता व्हॅनिला. हा द्राक्षाचा नाहीच, ओकच्या लाकडाचा. बॅरल साधारण २२५ लिटरचं असतं आणि बनवताना आतून आगीवर भाजतात. लाकडातून व्हॅनिलिन उतरतं, लवंगेतलं युजेनॉल उतरतं, खोबऱ्यासारखा वास देणारे लॅक्टोन उतरतात. अमेरिकन ओकमध्ये हे लॅक्टोन जास्त. भाजण्यामुळे ग्वायकॉल नावाचा धुराचा वास येतो, लाकडातलं लिग्निन जळताना तो तयार होतो. पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरताला जो धूर लागतो, त्यातही ग्वायकॉल असतो. बॅरलमध्ये राहिलेली शिराझ आणि हिवाळ्यातलं भरीत एकमेकांना का मानवतं, याचं माझ्या मते हेच कारण. शेवभाजी किंवा काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा असेल तेव्हा मात्र ही वाइन बाजूला ठेवा. तिखटाबरोबर तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही जिभेला जाळतात. तिथे थोडी गोडी राखलेली, थंडगार शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन घ्यावी.

काही वाइनमध्ये लोण्याचा वास येतो, विशेषतः शार्दोने या पांढऱ्या वाइनमध्ये. जिवाणू तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करतात, तेव्हा डायॲसिटिल तयार होतं, आणि लोण्याचा वास त्याचाच.

चवीबद्दल थोडक्यात. वाइनमध्ये तोंडाला मुख्यतः आंबट, गोड, किंचित कडू आणि तुरट एवढंच कळतं. बाकी सगळं नाकाचं काम. सर्दी झाली असताना चांगली बाटली उघडू नका.

मुरण्याचं पाहू. जुनी वाइन म्हणजे चांगली वाइन, हा समज जगातल्या मोजक्या वाइनवरून पसरला आणि सगळ्यांना चिकटला. बाटलीत वर्षानुवर्षं काही चांगलं घडायचं असेल तर घडण्याजोगं काहीतरी आत असावं लागतं. लालमध्ये ते म्हणजे टॅनिन आणि रंगद्रव्यं. कच्च्या केळाने किंवा हिरड्याने तोंड जसं आवळून येतं, ते टॅनिनचं काम. काळ जाईल तसे टॅनिन आणि अँथोसायनिन ही रंगद्रव्यं एकमेकांशी जोडले जातात, साखळ्या मोठ्या होतात, काही जड होऊन तळाशी साका म्हणून बसतात. तोंडातला तुरटपणा मऊ होतो. रंग जांभळ्याकडून गडद लालकडे आणि मग विटकरीकडे सरकतो. ताज्या फळांचे वास मागे पडतात आणि सुकं अंजीर, चामडं, तंबाखूचं पान, पावसानंतरची ओली माती असे वास वर येतात. फ्रान्समधल्या बोर्दोच्या उत्तम कॅबर्ने दशकानुदशकं टिकतात, कारण त्यांच्यात सुरुवातीलाच भरपूर टॅनिन, पुरेसं आम्ल आणि दाट फळ असतं. त्यातलं एक कमी पडलं की हिशेब बिघडतो. नुसता तुरटपणा आहे आणि फळ नाही, अशा वाइनमधलं थोडंसं फळ दहा वर्षांत विरून जातं आणि तुरटपणा तेवढा उरतो.

पांढरीला टॅनिनचा हा आधार जवळजवळ नसतो, कारण साली आधीच वेगळ्या काढलेल्या असतात. तिची भिस्त आम्लावर, काही वेळा साखरेवर, आणि वाइन टिकावी म्हणून बाटली भरताना घातलेल्या सल्फर डायऑक्साइडवर. आम्ल जास्त म्हणजे पीएच कमी, आणि पीएच जितका कमी तितका तोच सल्फर डायऑक्साइड अधिक जोमाने काम करतो. पीएच ३.१ ची पांढरी आणि ३.६ ची पांढरी यांच्या आयुष्यात मोठा फरक पडतो. फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातल्या वूव्रेची शेनिन ब्लाँ तीस-चाळीस वर्षांनीही मधासारखी आणि ताजी लागू शकते, ती या आम्लामुळे. जर्मनीची रीजलिंग जुनी झाली की तिला रॉकेलसारखा वास येतो. टीडीएन नावाचा हा पदार्थ द्राक्षातल्या कॅरोटिनॉइडांपासून सावकाश बनतो, आणि थोडासा असला तर जाणकारांना आवडतो. ऑस्ट्रेलियातल्या हंटर खोऱ्याची सेमियाँ ओक न लावताही जुनी झाल्यावर भाजलेल्या पावासारखी आणि मधाळ होते.

मेथीबद्दल मला विशेष बोलायचं आहे. सोटोलोन नावाचा पदार्थ आहे. मेथीच्या दाण्याचा ओळखीचा वास मुख्यतः त्याचाच. सोटर्न या गोड फ्रेंच वाइनमध्ये, फ्रान्सच्याच ज्युरा भागातल्या व्हाँ जोनमध्ये, पोर्तुगालच्या मदिरा बेटावरच्या जुन्या वाइनमध्ये तो मुद्दाम जोपासलेला असतो आणि तिथे सुंदर लागतो. पण साध्या कोरड्या पांढऱ्या वाइनमध्ये मेथीचा, कापून ठेवलेल्या काळपट सफरचंदाचा वास आला आणि रंग सोनेरीकडून तांबूस झाला, तर ती हवेने म्हातारी झाली असं समजावं. डोळे मिटून मेथी ओळखणाऱ्या आपल्या घरातल्या बायका ही खूण नवशिक्या वाइनतज्ज्ञापेक्षा लवकर पकडतील. तुमची सॉव्हिन्याँ उघडाल तेव्हा ग्लास आधी त्यांच्या हातात द्या.

नाशिकच्या वाइनचं काय? आपल्याकडे वेलीला विश्रांतीचा खरा हिवाळा मिळत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. शेवटच्या आठवड्यांत दुपार तापायला लागते, साखर झपाट्याने चढते आणि आम्ल, विशेषतः मॅलिक आम्ल, झपाट्याने उतरतं. चांगले बागायतदार आणि वाइनरीवाले म्हणून पहाटे तोडणी करतात, टार्टारिक आम्लाने रस सावरून घेतात. तरी वूव्रेचं आम्ल दिंडोरीत येत नाही. त्यात कमीपणा काही नाही, प्रत्येक जमिनीचा आपला स्वभाव असतो. नाशिकची पांढरी ताजी, फळांनी भरलेली, थोडक्या दिवसांत पिण्यासाठी केलेली असते आणि त्या वयात ती खरंच सुरेख लागते. शिवाय हा उद्योग अजून तरुण आहे. नाशिकच्या सुला वाइनरीची पहिली वाइन २००० साली आली, महाराष्ट्राचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ चं. युरोपात पन्नास वर्षांच्या बाटल्या उघडून बघता येतात, इथे तशा बाटल्याच नाहीत.

माझा अंदाज हवा असेल तर देतो, आणि तो थंड जागेत ठेवलेल्या बाटलीसाठी आहे. सॉव्हिन्याँ ब्लाँ आणि रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, तोडणीपासून दीड-दोन वर्षांत संपवावी. शेनिन ब्लाँलाही तेवढीच मुदत, फार तर थोडी जास्त. स्टीलच्या टाकीतली साधी लाल दोन-तीन वर्षं. बॅरलमधली रिझर्व्ह शिराझ किंवा कॅबर्ने चार ते सहा वर्षं, आणि एखादी अपवादाने अधिक. किंमत महाग म्हणून मुदत वाढत नाही. लेबलवर तोडणीचं वर्ष असतं, ते बघून घ्या. दुकानात धूळ खाल्लेली तीन वर्षांची पांढरी सवलतीत मिळत असेल तर घेऊ नका.

'थंड जागेत' हे दोन शब्द खान्देशात सगळ्यात अवघड. वाइनला १२ ते १५ अंश मानवतात आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते बारा महिने सारखे असावे लागतात. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो, आणि धुळ्यात हिवाळ्यातल्या पहाटे तो एक आकडी होतो. भिंतीला लागून असलेल्या लोखंडी कपाटात दिवसभराची धग साठते. तापमान दहा अंशांनी वाढलं की पुष्कळ रासायनिक क्रियांचा वेग ढोबळ मानाने दुप्पट होतो. यावरून काही जण म्हणतात, मग आपल्याकडे वाइन लवकर मुरेल, बरंच की! तसं होत नाही. सगळ्या क्रियांचा वेग सारखा वाढत नाही. एस्टर तुटणं, रंग तपकिरी होणं, सल्फर डायऑक्साइड संपणं हे पुढे धावतं आणि टॅनिनचं सावकाश जुळणं मागे राहतं. आढीत पिकलेला आंबा आणि उन्हात पडून मऊ झालेला आंबा यांत जेवढं अंतर, तेवढंच या दोन वाइनमध्ये. शिवाय गरम झाल्यावर द्रव फुगतो, बूच किंचित वर सरकतं, रात्री गार झाल्यावर द्रव आक्रसतो आणि बुचाच्या कडेने हवा आत ओढली जाते. असे चार उन्हाळे तुमच्या बाटल्यांनी काढले आहेत.

शिराझ उघडण्याआधी बुचाकडे नीट बघा. ते काठाच्या वर आलं असेल, आवरणाखाली चिकट डाग असेल, तर वाइन तापलेली आहे. ग्लासात मुरांबा, शिजवलेली मनुका, जळकी साखर असे वास येतील आणि ताजं फळ कुठेच नसेल. अशी वाइन पिऊन अपाय होत नाही, फक्त आनंद होत नाही. व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा झणका आला तर ते जिवाणूंचं काम. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ते बुचातल्या टीसीए नावाच्या पदार्थाचं काम, त्यात तुमच्या कपाटाचा काही दोष नाही. फिरकीच्या झाकणाच्या बाटलीत बुचाचा हा प्रश्न जवळजवळ येत नाही, आणि आपल्या हवेत मला तीच पसंत आहे.

घरात ठेवायचीच तर कुठे? धाब्याचं जुनं घर असेल तर मधल्या अंधाऱ्या खोलीत जाड भिंतींमुळे तापमान कमी हलतं. हिवाळा आणि पावसाळा तिथे निभतो, एप्रिल ते जून नाही. साधा फ्रिज कोरडा असतो, म्हणून बुचाची बाटली वर्षानुवर्षं तिथे ठेवू नये असं सांगतात, पण उन्हाळ्याचे तीन-चार महिने बाटली फ्रिजमध्ये आडवी ठेवणं कपाटापेक्षा कितीतरी बरं. वाइनसाठी वेगळा छोटा फ्रिज मिळतो. दरवर्षी डझनभर बाटल्या घेणाऱ्याने तो घ्यावा, दोन बाटल्यांसाठी नाही. नाशिकहून मे महिन्यात गाडीने आणत असाल तर डिकीत टाकू नका. मालेगावपर्यंत पोहोचेतो डिकी भट्टी झालेली असते. थर्माकोलची पेटी घ्या, किंवा सरळ हिवाळ्यात खरेदी करा.

उघडतानाही तापमानाचं भान ठेवा. 'लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी' हे युरोपातल्या गार खोल्यांसाठी सांगितलेलं आहे, म्हणजे १६ ते १८ अंश. धुळ्यातली खोली तेवढी गार वर्षातून थोडेच दिवस असते. म्हणून लालसुद्धा अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर अल्कोहोल नाकात चढतं आणि बाकी सगळं झाकतं. पांढरी ८ ते १० अंशांवर. जुनी लाल असेल तर आदल्या दिवशी बाटली उभी करून ठेवा, साका तळाशी बसेल, मग न हिंदकळवता ओता. ग्लास वर निमुळता असावा, एक तृतीयांशच भरा, आधी न हलवता हुंगा, मग हलवून. पहिल्या हुंगण्यात फिके वास कळतात, ते नंतर दबतात.

आणि मुरणं स्वतः अनुभवायचं असेल तर एकाच वर्षाच्या, एकाच रिझर्व्ह शिराझच्या चार बाटल्या डिसेंबरात घ्या. ठेवायला थंड जागा आधी ठरवा. दर हिवाळ्यात एक उघडा, ग्लास पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेचा रंग बघा, तुरटपणा किती, फळ कोणतं, हे आपल्या शब्दांत चार ओळी लिहून ठेवा. एखाद्या वर्षी फळ गेल्याचं जाणवलं तर उरलेल्या बाटल्या त्याच महिन्यात संपवा.